पाळी गेली, प्रमोशन आलं

दुबई सिलिकॉन ओएसिस
१४ जानेवारी २०२४

प्रिय मावशी,

हे पत्र मिथुनच्या हाती पाठवतेय. तो मेल्विनच्या हॉटेलातला, आपल्या पालघरकडचा. सुट्टीवर येतोय. फोन करत नाही, कारण तुझा फोन म्हणजे विलीकाकांचा फोन आणि विलीकाकांचा फोन म्हणजे स्पीकर. मागे मी मेल्विनच्या घोरण्याबद्दल बोलले ते तुमच्या पडवीत बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि एकाने वर इलाजही सांगितला.

तर गोष्ट अशी की ऑगस्टनंतर मला पाळी आलेली नाही. पोट ताठल्यासारखं वाटतं, ऑफिसच्या पँटचं बटण लागत नाही. मेल्विन मला पाण्याचा कॅनसुद्धा उचलू देत नाही. मरीना भागातल्या हॉटेलातून ड्यूटी करून येतो आणि आल्या आल्या माझ्या पायाखाली उशी ठेवतो. ऑफिसमधल्या संजनाने एका लेडी डॉक्टरचं नाव दिलंय, पुढच्या आठवड्यात जाईन.

आईला सांगू नकोस. ती लगेच नवस बोलेल, आणि तिने बोललेले नवस मला फेडावे लागतात. तुझ्यातच ठेव.

तुझी,
टेसा

*

भुईगाव, वसई
३ फेब्रुवारी

प्रिय टेसाबाय,

पत्र वाचलं आणि गॅसवरची कढी उतू गेली. जाऊ दे कढी. लग्नाला चार वर्षं झाली, देवाने ऐकलं.

तू म्हणालीस तुझ्यातच ठेव, म्हणून मी फक्त विलीला सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे. विलीने फक्त त्याच्या बँडच्या मास्तरला सांगितलं. मास्तरची बायको रविवारी चर्चमध्ये मिसाला तुझ्या सासूच्या शेजारी बसली, यात माझा काय दोष? सासूने मिस संपायच्या आत तुझ्या आईला मागच्या बाकावर गाठलं. आईने नवस बोललाय. काय बोललाय ते मी विचारलं नाही, तुला नंतर कळेलच.

मिथुनच्या हाती लोकरीचे मोजे पाठवतेय. विली म्हणतो दुबईत मोजे कशाला. त्याला काय कळतं, एसीत पोर गारठतं. रंग पिवळा ठेवलाय, म्हणजे मुलगा-मुलगी काहीही चालेल. सुकट मुद्दाम पाठवत नाही, उष्ण असते. पपईकडे तर बघूसुद्धा नकोस.

पाय वर करून बस.

तुझी,
मेबल मावशी

*

दुबई सिलिकॉन ओएसिस
२१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

मोजे सुंदर आहेत. सध्या ते मेल्विनच्या दोन गॉगलना घातलेत, कारण घालायला दुसरं कुणी नाही.

चूक माझी. घरी दोनदा टेस्ट केली होती आणि दोन्ही वेळा एकच रेघ आली होती, ते मी लिहिलं नव्हतं. मेल्विनलाही नीट सांगितलं नव्हतं. म्हटलं, टेस्टच चुकली असेल. मी दिवसभर कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, त्यामुळे कशावर विश्वास ठेवायचा नाही अशी सवयच लागलीये.

डॉक्टरचं नाव कशफ. चष्म्यावरून बघते आणि हळू बोलते. सोनोग्राफी करून म्हणाली, पीसीओएस आहे. मला पहिल्यांदा वाटलं, हे तर अर्ध्या ऑफिसला असतं. मग तिने स्क्रीनवर गर्भाशयाच्या आतलं अस्तर दाखवलं. जाड झालेलं, रजईसारखं. म्हणाली, अंडाशयाचं मी बघते, पण मला काळजी ह्याची आहे.

तिने सगळं हिंदीत समजावलं, मी तुला आपल्या भाषेत सांगते. दर महिन्याला एक हार्मोन आत मांडव घालतं. बांबू, कापड, झालरी, सगळं. मग अंडं सुटलं की दुसरं हार्मोन येतं. ते घरातल्या मोठ्या बाईसारखं. सांगतं, पुरे झालं, आता नवं कापड लावू नका, आहे तेच नीट बसवा. पाहुणा आला तर ठीक. नाही आला तर ती बाई निघून जाते, आणि ती गेली की मांडव एका दमात उतरतो. तीच पाळी.

माझ्यात अंडी अर्धवट वाढून थांबतात, सुटतच नाहीत. त्यामुळे मोठी बाई येतच नाही. मांडववाले मात्र रोज हजर. थरावर थर चढवतात, कुणी थांबवणारं नाही. मग कधीतरी भाराने तो कुठूनही फाटतो आणि रक्त जातच राहतं. आणि नाही फाटला, वर्षानुवर्षं तसाच राहिला, तर त्यातल्या पेशी बिघडू शकतात. शरीरात इन्सुलिन जास्त असेल तर मांडववाल्यांना आणखी जोर येतो. म्हणून ती म्हणाली, बिर्याणी कमी, चालणं जास्त.

त्या मोठ्या बाईच्या गोळ्या मिळतात. पण आधी अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायचा म्हणाली. बघू.

मेल्विनला सांगितलं तेव्हा त्याने उशी उचलून पलंगावर नेऊन ठेवली. आता पाण्याचा कॅन मीच उचलते.

सासूबाई रोज फोन करून कसं वाटतंय विचारतात. हे तू सुरू केलंस, तूच मिटव.

टेसा

*

भुईगाव
९ मार्च

प्रिय टेसाबाय,

मिटवलं.

तुझ्या सासूला म्हटलं, अहो बाई, मी ‘टेसाकडे आनंदाची बातमी आहे’ एवढंच म्हणाले होते. पोर तुम्ही लावलंत. टेसाला प्रमोशन मिळालंय. बाईचा चेहरा आधी पडला, मग तिने हिशेब केला की पोर कुणालाही होतं, प्रमोशन कुणाकुणालाच होतं. संध्याकाळपर्यंत तू मॅनेजर झालीस. विलीच्या बँडमध्ये तर तू आता अख्ख्या कंपनीची मालकीण आहेस. कुणी विचारलं तर हो म्हण, नाहीतर मी खोटी पडेन.

मनाला लावून घेऊ नकोस गं. मोजे ठेव, खराब होत नाहीत.

तुझा मांडव वाचून मी खूप हसले. माझंही तरुणपणी हेच होतं. वर्षातून दोन-तीनदा यायची. आय म्हणायची, भाग्यवान आहेस, कपडे धुवावे लागत नाहीत. डॉक्टरबिक्टर कुठे होते तेव्हा. पोर झालं नाही, म्हटलं देवाची मर्जी. सहा वर्षांपूर्वी तेही बंद झालं, सुटले.

आता गंमत ऐक. नाताळपासून दोनदा थोडं थोडं लाल दिसलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्याकडे पुन्हा मांडववाले आले बघ. मावशी तरुण होतेय. विलीला सांगितलेलं नाही, नाहीतर तो बँड घेऊन यायचा.

उपवासाचे दिवस आहेत, जास्त लिहीत नाही.

मेबल मावशी

*

दुबई सिलिकॉन ओएसिस
१६ मार्च

मावशी,

हे कुरिअरने पाठवतेय. कुणाच्या सुट्टीची वाट बघण्यासारखी गोष्ट नाही.

तुझ्या पत्राचा शेवट वाचून मी हसले नाही. डॉ. कशफला तुझं नाव न घेता विचारलं. तिने चष्मा काढला. म्हणाली, पाळी कायमची बंद झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासायचं. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं, पण तपासल्याशिवाय साधं म्हणायचं नाही. मग विचारलं, तरुणपणी पाळी नियमित होती का, मूल आहे का. मी दोन्हीला नाही म्हटलं, तर म्हणाली, मग आणखी लवकर.

ह्या आठवड्यात लेडी डॉक्टरकडे जा. यल्ला, मावशी, चल, ऊठ.

टेसा

*

भुईगाव
४ एप्रिल

प्रिय टेसाबाय,

एवढे पैसे कुरिअरला घातलेस, त्यात दोन वेळचे पापलेट आले असते.

मी जाणार आहेच. पण आधी ईस्टरची साफसफाई होती, मग ईस्टर होता. उपवास संपले, आता लग्नं सुरू झालीत आणि दोन नवऱ्या मुली माझ्याकडून गाऊन शिवून घेतायत. एकीचं माप दर आठवड्याला बदलतं. विलीचा गुडघा धरलाय. शिवाय नाताळात मी पपई खाल्ली होती, ती उष्ण. त्यामुळेच असणार. परवा पुन्हा थोडं दिसलं, पण थोडंच.

आणि तू मला शिकवतेस, तर तुझ्या तुकड्याचं काय झालं? फेब्रुवारीत ‘बघू’ लिहिलंस. मार्चमध्ये त्याचं नावच नाही. मला शिवणकाम करून डोळ्यांनी कमी दिसतं, पण तू कुठला टाका गाळलास ते दिसतं.

मेबल मावशी

*

दुबई सिलिकॉन ओएसिस
१३ एप्रिल

प्रिय मावशी,

पकडलंस.

मी गेले नाही. दोनदा अपॉइंटमेंट घेतली आणि दोनदा ऑफिसच्या मीटिंगचं निमित्त सांगून रद्द केली. मेल्विनला सांगितलं, डॉक्टर सुट्टीवर आहे. भीती दुखण्याची नाही. भीती अशी की तो तुकडा तपासून कुणीतरी लिहून देईल की इथे आता काही होणार नाही, खलास. न तपासलेलं असलं की निदान काही लिहिलेलं तरी नसतं. वेडेपणा आहे, पण तुझ्या पपईपेक्षा थोडा शहाणाच म्हणायचा.

म्हणून सौदा करू. मी जाते, तू जा. दोघींपैकी कुणीही मागे हटायचं नाही.

आणि तू गेली नाहीस तर मी फॅमिली ग्रुपवर एक ओळ टाकणार आहे: ‘मेबल मावशीकडे आनंदाची बातमी आहे.’ फक्त एवढंच. बाकीचं काम वसई करेल. माझी आई नवस बोलेल, सासूबाई मिसाला पेढे घेऊन येतील आणि विलीकाका बँडच्या मास्तरला तोंड दाखवू शकणार नाहीत. की उलट छाती काढून फिरतील, ते मला सांगता येत नाही.

मी गंमत करत नाहीये. म्हणजे करतेय, पण टाकेन.

टेसा

*

दुबई सिलिकॉन ओएसिस
१५ मे

प्रिय मावशी,

माझी बाजू पूर्ण झाली.

मधे तो पाऊस झाला, ज्याने दुबई पाण्यात गेली. आमच्या पार्किंगमध्ये गाड्या तरंगत होत्या. माझी अपॉइंटमेंट नेमकी त्या आठवड्यात. मला वाटलं, देवानेच सोडवलं. पण क्लिनिकने पाणी ओसरायच्या आत दुसरी तारीख दिली. मेल्विनला सगळं खरं सांगितलं. तो रागावला नाही, नुसता म्हणाला, ‘मी पाण्याचा कॅन उचलत होतो तो पोरासाठी नव्हता, तुझ्यासाठी होता.’ मग सुट्टी घेऊन बरोबर आला आणि वेटिंग रूममध्ये बायकांच्या मासिकातून स्तनपानाचा लेख शेवटपर्यंत वाचला.

थोडं दुखलं, पाळीच्या कळा येतात तसं. रिपोर्ट आला. अस्तर प्रमाणाबाहेर वाढलंय, पण पेशी बिघडलेल्या नाहीत. वेळेत आलीस, असं डॉ. कशफ म्हणाली. सहा महिने मोठ्या बाईच्या गोळ्या, मग पुन्हा तुकडा काढून बघायचं. पोर होणार नाही असं कुणीही कुठे लिहिलं नाही. ती म्हणाली, आधी घर नीट करू, मग पाहुण्यांचं बघू.

तुझं काय? तू काहीच लिहीत नाहीस. फोन केला तर विलीकाका उचलतात, ‘मेबल झोपलीये’ म्हणतात आणि स्पीकर बंद असतो. विलीकाकांचा स्पीकर बंद असणं मला अजिबात आवडलेलं नाही.

टेसा

*

भुईगाव
२ जून

प्रिय टेसा,

अनेक आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, शेवटचं मेबलला लग्नाआधी लिहिलं होतं. तिने बजावलंय की टेसाला फोनवर काही सांगायचं नाही. पत्राबद्दल ती काही बोललेली नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या धमकीचं पत्र तिने मला वाचून दाखवलं आणि हसत हसत सगळं सांगितलं. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. तपासणीत कॅन्सर निघाला. गर्भाशयाच्या अस्तरात. मुंबईला दाखवलं, तिथेही तेच सांगितलं.

आठवड्यापूर्वी ऑपरेशन झालं. गर्भाशय आणि अंडाशयं काढली. काल रिपोर्ट आला. जिथे होतं तिथेच होतं, बाहेर पसरलेलं नाही. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं, बाकी औषध नको म्हणाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर उशीर झाला असता तर वेगळं बोलणं करावं लागलं असतं. मला कमी ऐकू येतं हे तुला माहीत आहे. ते वाक्य मात्र मला एकदाच सांगावं लागलं.

ती बरी आहे. मी केलेल्या पेजेला नावं ठेवते. काल मी पडवीत जाऊन थोडा वेळ क्लॅरिनेट वाजवलं, तर आतून ओरडली की सूर लागत नाहीये. खरोखर लागत नव्हता.

तुझे उपकार कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून मानत नाही.

तुझा,
विली काका

*

भुईगाव
१४ जुलै

प्रिय टेसाबाय,

विलीने चुगली केली ते मला कळलं. पाकिटावर पोस्टाचं तिकीट चिकटवताना त्याने माझा शिवणाचा गोंद वापरला, झाकण उघडं टाकलं. त्याला गुन्हा करता येत नाही.

तुला का कळवलं नाही? तू त्या गोळ्या सुरू केल्या होत्यास. वाटलं, माझं ऐकून घाबरशील. आणि दुसरं म्हणजे मला तुझ्याकडून ‘मी सांगितलं होतं’ ऐकायचं नव्हतं. आता काय ते एकदाच लिहून टाक.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी घाबरले होते. विली कँटीनमध्ये गेला तेवढ्यात रडून घेतलं. मरायचं भय होतंच, पण त्याहून एक चमत्कारिक गोष्ट. पोर झालं नाही म्हणून आयुष्यभर मी त्या पिशवीला शिव्या दिल्या. आता ती जाणार म्हटल्यावर वाटलं, बिचारीने काय केलं होतं? दर वेळी तयारी करून बसायची आणि तिला पुरे म्हणणारं कुणी येत नव्हतं. मला चाळीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी तिच्याशी जरा बरं वागले असते.

असो. वॉर्डात माझ्या बाजूला नूरजहाँ नावाची बाई होती, तिला मी तुझा मांडव समजावून सांगितला. तिने नर्सला सांगितला. नर्सने मला विचारलं, हे तुम्हाला कुठल्या डॉक्टरने सांगितलं. मी म्हटलं, दुबईच्या मॅनेजरने.

आता मी मिस सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहते. पन्नाशीपुढच्या कुणालाही सोडत नाही. हळूच बाजूला घेते आणि विचारते. बायका मला बघून मागच्या दाराने जायला लागल्यात. फादरही एकदा मागच्या दाराने गेले, त्यांना का भीती वाटली कोण जाणे. पण दोघींना मी डॉक्टरकडे पाठवलं. एकीचं काही नव्हतं. दुसरीच्या पिशवीत साधा मस निघाला, काढून टाकला. तुझी सासू मात्र अजून सांगत नाहीये. तिला बघते मी.

गोळ्या चुकवू नकोस.

मेबल मावशी

*

दुबई सिलिकॉन ओएसिस
२४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

‘मी सांगितलं होतं.’ झालं, लिहिलं. विलीकाकांचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं होतं. संजनाला वाटलं मला नोकरीवरून काढलं. ती मला धीर द्यायला लागली, आणि मी म्हटलं, नाही गं, मावशी वाचली. तिला काही कळलं नाही, तरी ती माझ्याबरोबर रडली.

परवा दुसरा तुकडा तपासून आला. अस्तर पूर्ववत. डॉ. कशफ पहिल्यांदा हसली, तिला दात आहेत हे तेव्हा कळलं. आता गोळ्या थांबवून बघायचं, की माझी अंडाशयं स्वतःहून काही करतात का. मेल्विन आणि मी रोज तळ्याकाठी चालतो. वजन उतरलंय, पँटचं बटण लागतं. पण ती म्हणाली, तीन महिन्यांत पाळी आली नाही तर मला सांगायचं, पुन्हा मांडव चढू द्यायचा नाही. आयुष्यभर लक्ष ठेवायचं.

इन्शाल्ला म्हटलं. तीसुद्धा इन्शाल्ला म्हणाली, आणि खाली तारीख लिहून दिली.

टेसा

*

दुबई सिलिकॉन ओएसिस
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

विलीकाकांना सांगितलंस तरी चालेल. स्पीकरवर वाचलंस तरी चालेल.

मागच्या आठवड्यात डॉ. कशफने रक्त तपासलं होतं. त्यात मोठ्या बाईचा आकडा चढलेला दिसला. म्हणजे अंडं सुटलं होतं, गोळीशिवाय, आपलं आपण. ती म्हणाली, आता थोडी वाट बघ. आज सकाळी मीटिंगमध्ये बसले होते, क्लायंट काहीतरी ओरडत होता, आणि मला कळ आली. मी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून वॉशरूममध्ये गेले. परत आले तेव्हा एवढी हसत होते की क्लायंटने आवाज खाली आणला.

पोराचं काय ते पुढे बघू. होईल किंवा होणार नाही. आज मला तेवढंच पुरलं की माझ्या आतलं घर स्वतःचं स्वतः आवरून मोकळं झालं.

मेल्विनला मेसेज केला. तो येताना इंटरनॅशनल सिटीतल्या बेकरीतून केक घेऊन आला. बेकरीवाल्याने विचारलं, वर काय लिहू, बर्थडे की ॲनिव्हर्सरी. मेल्विनला पटकन काही सुचेना. म्हणाला, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी स्वतःहून घरी आलंय. त्यामुळे केकवर गुलाबी क्रीमने ‘वेलकम बॅक’ आहे आणि खाली एक फूल.

शेजारच्या हाफिजाला एक तुकडा दिला. तिने दारातून आत डोकावून विचारलं, पाहुणे कुठे आहेत? मी म्हटलं, आत आहेत. चार-पाच दिवस राहतील.

तुझी,
टेसा